नारंगी जर्सीवरचा नऊ

३ जून, लातूर
सगळं बदललं ते आज सकाळी सव्वाअकराला. मामाच्या खेळ-सामानाच्या दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. शि.चा फोन. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून केलेला.
"नागनाथ, फॉर्म परत आला. माझं वय संपलं."
मला आधी कळेचना. वय संपलं म्हणजे? मग ट्यूब पेटली. पंचवीस पूर्ण. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात आता नाव लागत नाही. गुडघे शाबूत, दम शाबूत, डावा पाय तर अजून तोफ. आणि खेळ बंद. एका जन्मतारखेनं.
म्हणलं, कोण म्हणतो असं, मी येऊन बघतो त्याला.
"कुणाला बघतोस? कॅलेंडरला?" हसली. मला नाही आलं हसू.
शेवटी म्हणाली, मामाच्या दुकानात जुने बॉल पडले असतील तर बाजूला ठेव, लागणार आहेत. कशाला ते सांगितलं नाही. फोन ठेवून टाकला.

४ जून
आक्का ही वही वाचते. म्हणून पूर्ण नाव लिहायचं नाही. शि. पुरे. (आक्का, वाचतच असशील तर वाच आणि गप बस.)

१२ जून
आली. जळकोटहून, पहिल्या गाडीनं. मामा गल्ल्यावर, म्हणून मी उगाच कॅरमच्या सोंगट्या लावत बसलो. सात बॉल काढून ठेवलेले. तिनं एकेक अंगठ्यानं दाबून बघितला. "तीन चालतील. बाकीच्यांचे पंक्चर काढ."
कोचचा कोर्स करायला चालली. पंधरा दिवस. घरी अप्पा म्हणले, खेळणं संपलं तर आता शिकवणं कशाला काढलं? ही म्हणाली, अप्पा, तुम्ही तरी कुठं पोती उचलता आता? बसून दुकान चालवताच ना? तसंच.
मामा लई हसला. मग त्याला राहवलं नाही. "अन् स्थळाचं काय, पोरी?"
"घरचे बघून राहिलेत मामा. मी पण बघून राहिले. सकाळी सहाला मैदानात जाऊ देणारा कोण निघतो ते."
सोंगट्या सांडल्या माझ्या हातून. राणी कपाटाखाली गेली ती अजून सापडली नाही.

१३ जून
एक गोष्ट लिहून ठेवतो. सगळं जग तिला ताई म्हणतं. मी आजपर्यंत एकदाही म्हणलो नाही. "ओ", "ऐका ना", यावर भागवलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तरी नाही. तिच्या ध्यानात आलं असेल का?

९ जुलै
कोर्स पास. नोकरी पण लागली, तासिकेवर, मुलींच्या फुटबॉलची कोच. कुठं? नांदेडला, आमच्याच कॉलेजात! ज्या कॉलेजानं दोन वर्षांपूर्वी मुलींचा संघ पाठवला नाही, त्यात. पी.डी. सर पण तेच, खेळाचे प्रमुख. "मुलींना कशाला फुटबॉल" असं म्हणणारे.
फोनवर भडकलो. म्हणलं, थुंकून ये त्यांच्या ऑर्डरवर.
"तिथंच करायचं आहे मला," म्हणाली. शांतपणे. तिच्या या शांतपणाचीच भीती वाटते मला.

३ ऑगस्ट, नांदेड
अहमदपूरमार्गे एस.टी. मांडीवर बॉलचं पोतं. शेजारचा म्हातारा विचारतो, टरबूज का? हाव म्हणलं.
मैदान तेच, कडेची बाभळ तीच. नऊ मुली. दोघी ओढणी कमरेला बांधून. शि. गळ्यात शिट्टी घालून मधोमध. बॉलला कुणी पायच लावेना, कारण तिनं लावूच दिला नाही. तिचा नियम एकच, पासच्या आधी नाव. जिला पास द्यायचा तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच पाय लावायचा. बॉल नसला तरी नाव घ्यायचं.
मुलींच्या तोंडातून आवाज निघेना. आयुष्यभर हळू बोल, हळू बोल ऐकलेल्या. आयेशा म्हणून एक उंच पोरगी आहे, ती रेणुकाला हाक मारायची तर कानात सांगितल्यासारखं "रेणुका...". शि. पार टोकाच्या खांबापाशी गेली. तिथून: "मला ऐकू आलं नाही! परत!"
अर्ध्या तासानं अख्खं मैदान नावांनी दणाणत होतं. वरच्या वर्गांच्या खिडक्या उघडल्या. मी पोतं तसंच धरून उभा.

तेवढ्यात पी.डी. सर. "अरे वा, काच फोडणारे साहेब! परत आले का?"
मुठी वळल्या. शि.नं लांबून नुसतं बघितलं. सोडल्या.

३ ऑगस्ट, परतीच्या गाडीत
अक्षर हलतंय, हलू दे. आज लिहिलंच पाहिजे.
सराव संपल्यावर काचेचा विषय मीच काढला. दोन वर्षांपूर्वी नोटीस लागली की मुलींचा संघ जाणार नाही. मी नोटीस बोर्डाच्या काचेवर बुक्की मारली. हाताला पाच टाके. कॉलेज म्हणलं माफीनामा लिहून दे, मी लिहिला नाही, बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडून दिलं. मला वाटायचं तिला याचं काहीतरी वाटत असेल. म्हणलं, मी तुमच्यासाठी कॉलेज सोडलं.
बॉल पोत्यातून काढता काढता म्हणाली:
"प्राचार्यांना मी आठ दिवस मनवून राहिले होते. त्या दिवशी दुपारी ते सही करणार होते. सकाळी तू काच फोडली. मग कोण करतो सही?"
मी पोत्याचं तोंड धरून ठेवलं.
"माझी ती मॅच तुझ्या बुक्कीत गेली, नागनाथ. मला काय पाहिजे ते एकदा मला विचारायचं होतंस."
आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.
पाच टाक्यांचा वण दोन वर्षं मेडलसारखा मिरवला मी.

४ ऑगस्ट
ठरलं. इथून पुढं तिच्या बाबतीत जे करायचं ते विचारून. विचारून. विचारून.

२१ ऑगस्ट
अकरा झाल्या! बारावी मुखेडची, घरून परवानगी यायची आहे. शि. स्वतः गेली होती तिच्या घरी. आजोबा म्हणले, चड्डी घालून पळणार का? शि. म्हणाली, लेगिंग घालून पळेल, पण पळणार.

५ सप्टेंबर
पी.डी. सरांनी तिला सांगितलं, लातूरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ मैदानात उतरला, पूर्ण मॅच खेळला, तर दिवाळीनंतर तासिका चालू. वॉकओव्हर गेला तर बंद. हरलं तरी चालेल, उतरलं पाहिजे. त्यांना खात्री आहे की त्या दिवशी निम्म्या मुली येणार नाहीत.
मी म्हणलं, येतील.
"तू नको ताण घेऊ. जर्सी वेळेवर दे."
जर्सीची ऑर्डर आमच्याच दुकानाला. तिनं मामाला नाही, मला दिली.

१९ सप्टेंबर
यादी आली. तिच्या हातची, वहीच्या पानाचा फोटो. माप, रंग, आकडा. सगळ्या निळ्या. रेणुकाला ९. तिचा नऊ! चार वर्षं तिच्या पाठीवर होता तो. तो असा कुणालाही? खूप राग आला. मग खालची शेवटची ओळ बघितली: नारंगी, एम, ९. नाव लिहिलेलं नाही.
म्हणजे एक स्वतःसाठी. वेगळ्या रंगात. कोचची. नऊ सोडला नाही तिनं!
दिवसभर मामा विचारतोय, लॉटरी लागली का?

२२ सप्टेंबर
आकडे मशीनखाली दाबून झाले. नारंगी शेवटची घेतली. पांढरा इंग्रजी नऊ, रेघभर तिरपा नाही. वर तिचं नाव पण टाकलं, चार अक्षरं. यादीत नव्हतं ते. तिला आवडेल.
पार्सल नांदेडला पाठवत नाही. स्पर्धा लातूरलाच, सकाळी मैदानावर मीच देतो.

२७ सप्टेंबर, सकाळी
बारा जणी आल्या. बाराच्या बारा. मुखेडची पण, आजोबांसकट. पी.डी. सरांचं तोंड बघण्यासारखं. चाललो पार्सल घेऊन.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ
लिहितो. जसं झालं तसं.
गठ्ठा सोडला. मुली झडप घालून आपापले आकडे शोधून राहिल्या. नारंगी आयेशानं उचलली. मी म्हणलं, ती नको घेऊ, ती मॅडमची आहे. ती म्हणली, "न्हाई ओ, मी गोली हाय ना, गोल अडवती. गोलीची वेगळ्या रंगाची असती."
तिनं जर्सीची पाठ समोर केली तर ९. आणि त्यावर ती चार अक्षरं.
मग मुखेडची ओरडली, "मॅडम, तुमचं नाव लिहून आलंय!" आणि बाराच्या बारा फिदीफिदी.
यादीतला तो एक होता. १. गोलीचा एक. गोली कोण ते तेव्हा ठरलं नव्हतं म्हणून नाव नव्हतं. तिचा एक खाली जरा वळतो, बस्स. कुणीही एक वाचला असता. मी नऊ वाचला.
एक फोन केला असता.
पंच आले. "गोलीला नऊ, फॉरवर्डला पण नऊ? चालणार नाही. गोलीला दुसरा आकडा द्या, नाहीतर वॉकओव्हर. पंधरा मिनिटं."
आणि पी.डी. सरांनी जर्सी हातात घेतली, नाव वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, "वा मॅडम! शिंपी घरचाच दिसतो."
शि.चं तोंड पांढरं फटक पडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. बारा मुलींसमोर, त्या आजोबांसमोर.
मी निघालोच होतो त्यांच्या अंगावर. दोन पावलं टाकली पण होती.
"नागनाथ!"
मैदानातली हाक. टोकाच्या खांबापर्यंत जाणारी. वळलो तर नारंगी जर्सी थेट छातीवर आली.
"चौदा मिनिटं आहेत. नऊचा एक कर."

समोरच्या चहाच्या टपरीवरून किटली आणली. चहाच्या गरम किटलीचं बूड आकड्यावर दाबायचं, रबर मऊ झालं की नखानं उचलायचं, पुढं ब्लेड. नऊचं पोट काढलं, खालचा बाक काढला, उजवीकडचा दांडा तेवढा ठेवला. एक. नाव सगळ्यात शेवटी निघालं. चार अक्षरं, चारही नखांत. डिंकाचा डाग मात्र राहिला, उजेडात धरला तर वाचता येतो. आयेशा म्हणली, "असू द्या. मॅडमचं नाव पाठीवर आसलं की गोल न्हाई व्हायचा."
झाले. दोन झाले.
पण पूर्ण मॅच खेळल्या. पन्नासाव्या मिनिटाला आयेशानं तिकडून "रेणुकाऽऽ" म्हणून अशी हाक दिली की पलीकडच्या रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. लांब किक, रेणुकाच्या पायात, आणि जाळीत. २–१. हरलो. मुली जिंकल्यासारख्या नाचल्या. मी गोलच्या मागं उभा राहून रडलो. लिहायची लाज वाटते पण लिहिलं.

शि. जाताना माझ्यापाशी आली. मला वाटलं आता शिव्या.
"मुद्दाम केलंस?"
"न्हाई. आईशपथ. मला वाटलं ती तुमची आहे."
"मला जर्सी लागत नाही आता. मी शिट्टी वाजवते." थोडी थांबली. "मी ते कधीच सोडून दिलं नागनाथ. तूच धरून बसलास."
मग म्हणाली, सोमवारपासून मैदानात येऊ नकोस. ज्याच्याकडं कॉलेजचं ओळखपत्र नाही असा माणूस माझ्या मुलींच्या सरावाला दिसायला नको. पी.डी. सर आज जे बोलले ते उद्या गावभर बोलतील, आणि त्या मुखेडच्या आजोबांनी परत ऐकलं तर पोरगी गेली.
"मग मी कधीच—"
"ओळखपत्र म्हणाले मी. कधीच म्हणाले का?"
बसमध्ये चढली.

२८ सप्टेंबर
नखांत अजून रबर आहे.

३० सप्टेंबर
मामाला विचारलं, नांदेडला रूम करून राहिलो तर दुकानाचं कसं? मामा म्हणला, "दोन वर्षं वाट बघून राहिलो, हे तोंडातून कधी निघतंय. दुकान मी चालवतो की. तू यायच्या आधी कोण चालवत होतं?"

१ ऑक्टोबर
कॉलेजच्या ऑफिसात फोन. पुढच्या सत्राला प्रवेश मिळू शकतो. जुनी फाइल काढली त्यांनी. "माफीनामा बाकी आहे तुमचा." अजून बाकीच आहे म्हणे, रकाना मोकळा. आणि खेळाच्या विभागाशी भांडण होतं म्हणून अर्ज खेळाच्या शिक्षकामार्फत यायला पाहिजे. पी.डी. सर किंवा कोच.

३ ऑक्टोबर
चार कागद फाडले. पहिल्यात काचेची माफी मागितली पण पी.डी. सरांना दोन ओळी हाणल्या. दुसऱ्यात एक ओळ. तिसऱ्यात नुसतं "तथापि". चौथ्यात काही नाही हाणलं, पण वाचून वाटलं भित्र्यानं लिहिलंय.
पाचवा ठीक आहे. "काच मी फोडली. त्यामुळे संघाची स्पर्धा बुडाली. चूक माझी." एवढंच. काचेच्या आधी स्पर्धा लिहायला पाहिजे होती का? सहावा लिहिला. स्पर्धा आधी.

४ ऑक्टोबर
विचारलं! फोन केला, आणि विचारलं.
"अर्जावर 'मार्फत' म्हणून तुमचं नाव टाकू का?"
पलीकडं मैदानातल्या हाका. रेणुका, आयेशा, परत रेणुका.
"टाक," म्हणाली. "सही करायची का नाही ते वाचून सांगते. आणि ऐक, तासिकेचं अजून काही कळलं नाही. तू येशील आणि मीच नसेन, असं पण होऊ शकतं."
"चालेल."
"चालेल?"
"हाव. ओळखपत्र तर माझं असेल."
हसली. कॅलेंडरला हसली होती तशी नाही. वेगळं. कसं ते मला लिहिता येत नाही.

५ ऑक्टोबर, सकाळी सहा
अर्ज पक्का केला. मायना, विषय, मजकूर. मग ती ओळ. ताई लिहायचं नव्हतंच, पण नुसतं नाव तरी कसं लिहावं? कु. का श्रीमती, यावर दहा मिनिटं गेली. कु. लिहिलं. अजून आहेच कु.

मार्फत : कु. शिवकांता मॅडम, प्रशिक्षक, महिला फुटबॉल संघ.

आक्का, वाच. पूर्ण नाव आहे. शाईच्या पेननं.
साडेसहाची नांदेड आहे. अर्ज पिशवीत, दोन फोटो, जुनी मार्कशीट. वही इथंच फळीवर ठेवतो. मामा झोपलाय, म्हणून दार हळूच ओढतो. कडी वाजू द्यायची नाही.