लाल फडक्यातली वीट

लुकांग,
तिसऱ्या महिन्याची चौथी तिथी

प्रिय थियानलाय,

एकतीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम एवढं जाड पाकीट, म्हणजे तुला वाटेल सूईहाय मरायला टेकला. टेकलेलो नाही. गुडघे कुरकुरतात, दात चारच उरलेत, पण अंगणातल्या सोया सॉसच्या रांजणांची झाकणं रोज सकाळी मीच उघडतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तुला वाचता येत नाही हे विसरलेलो नाही. तुमच्या शाळेतले चुआ मास्तर वाचून दाखवतील, त्यांना मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. यात तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगितल्यात. तरी मधेच उठून जाऊ नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात आमचा विक्रेता माल घेऊन तुमच्या पेंघू बेटांवर जाऊन आला. परत आल्यावर दुकानात हसत हसत सांगत होता की तिथल्या एका गावात एक विचित्र म्हातारा आहे. दर्याची देवी माझूआई, तिच्या देवळात पाऊल टाकत नाही, भिंतीबाहेर उभा राहून उदबत्ती लावतो. बायका त्याच्या हातची मासळी घेत नाहीत, कारण त्याने म्हणे गलबतावरची देवी समुद्रात पाडली आणि सहा माणसं बुडवली. आता त्याच्या नातीचं ठरलेलं लग्नही मोडलं. मुलाची आई म्हणाली, ज्या घरातल्या हातांना देवी धरवली नाही, त्या घरची पोर माझा संसार काय धरणार. मी त्याला म्हटलं, हसतोस काय गाढवा. नातीचं मला ठाऊक नव्हतं रे. बाकीचं ठाऊक होतं. एकतीस वर्षं ठाऊक होतं आणि मी रोज तीन वेळा पोटभर जेवत होतो.

तुला आपलं गलबत आठवतं का? शेंगदाणे आणि सुकी मासळी इकडे आणायची, तांदूळ आणि लाकूड तिकडे न्यायचं. तांडेल ओंग सगळ्यांना शिव्या द्यायचा, मला सोडून. सकाळ-संध्याकाळ माझूआईपुढे उदबत्ती लावायचं काम माझ्याकडे होतं ना, मला शिवी दिली तर तिला ऐकू जाईल अशी त्याला भीती. तू म्हणायचास, सूईहायचं बरंय, नांगर ओढायचा आम्ही आणि पुण्य कमवायचं याने. त्या मोठ्या वादळात तिची पेटी फुटली तेव्हा तू तिला छातीशी धरून डोलकाठीला बिलगून बसला होतास. तिची डाव्या हाताची करंगळी तेव्हाच मोडली. तू लहान मुलासारखा रडलास आणि तांडेल म्हणाला, रडू नकोस, करंगळी देऊन आईने तुला वाचवलं. त्या वादळानंतर मला समुद्राची भीती बसली. तुला कधी सांगितलं नाही. शीड फडफडलं तरी मी जवळचा दोर घट्ट धरायचो. मी हसायचो, गाणी म्हणायचो आणि लुकांगला उतरलो की परत चढायला पाय उचलायचे नाहीत.

नवव्या महिन्यातल्या त्या खेपेला मी तांडेलाला सांगितलं की मी आता इथेच राहतो, छोटं दुकान टाकतो. त्याने हरकत घेतली नाही. उलट नव्या दुकानासाठी दोराची दोन वेटोळी भेट दिली. उदबत्तीचं काम तुझ्याकडे आलं. गलबत निघायच्या आधी आईची बैठक तडकली होती म्हणून मी तिला मूर्तिकाराकडे नेलं, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं कुणालाच नाही. मूर्तिकाराच्या ओसरीवर मी तिला विचारलं, आई, तू माझ्याजवळ जमिनीवर राहशील का? आणि कौल लावला. लाकडाचे दोन्ही तुकडे पालथे पडले. नकार. परत टाकले. पालथेच. चार वेळा टाकले आणि चारही वेळा तिने नको म्हटलं. पाचव्या वेळी एक उताणा पडला, एक पालथा, म्हणजे होकार, आणि मी तेवढ्यावर उठलो. गलबतावर आपण तीनदा लागोपाठ होकार आल्याशिवाय शीडसुद्धा वर चढवत नसू. मला वाटलं, ते सात जण आहेत, एकमेकांना धरून आहेत, त्यांच्यात तांडेल आहे. मी एकटा, मला या परक्या गावात कोण? एवढाच विचार होता माझा. दुसरा काही असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

पेटीत मी वीट ठेवली. तिच्या वजनाची निवडून ठेवली. वर लाल फडकं घट्ट बांधलं आणि तांडेलाला म्हटलं, वारा वाढलाय, बेट दिसेपर्यंत सोडू नका. त्याने पेटीला हात जोडले आणि मी त्याला जोडू दिले. तू धक्क्यावर माझ्या पाठीत थाप मारून म्हणालास, आता दुकानदार झालास, आम्हाला ओळख दे म्हणजे झालं.

पुढचं तू मला एकदाच सांगितलंस. घराघरांचा धूर दिसायला लागला तेव्हा तुम्ही आनंदाने फडकं सोडलंत, आणि आत वीट. तांडेल म्हणाला, आईला मागे ठेवून घरी काय तोंड दाखवू, फिरवा. परतायचं तर समोरून ईशान्येचा वारा, तरी त्याने गलबत फिरवलं. किनाऱ्यावरच्या बायकांनी शीड दारापर्यंत आलेलं पाहिलं आणि वळून जाताना पाहिलं. गलबत खडकावर फुटलं आणि तू एकटा जिवंत परतलास. त्या बायकांनी विचारलं, दारात येऊन का वळलात? आणि तू सांगितलंस, देवी माझ्या हातून लाटेत पडली, तिला शोधायला वळलो. हे तू का सांगितलंस थियान? मला वाचवायला सांगितलंस. मी विचारलंही नव्हतं. मला तर तेव्हा गलबत फुटल्याचंही ठाऊक नव्हतं.

इकडे मी मूर्तिकाराकडून तिचा धुराने काळा पडलेला चेहरा गोरा गुलाबी करून घेतला, नवी वस्त्रं चढवली आणि गावात सांगितलं की भरतीबरोबर ती माझ्याकडे वाहत आली. मग तुझी बातमी पोचली. तू म्हणालास बुडाली, मी म्हणालो वाहत आली. दोघांचं खोटं असं जुळलं की सगळा किनारा म्हणायला लागला, आईनेच अपशकुनी गलबत सोडलं आणि सूईहायचं दुकान निवडलं. दोर विकत होतो, सोया सॉस विकायला लागलो. रांजणावर चिठ्ठी लावली, तिच्यावर लाटांवर उभी आई. बायका सॉस घ्यायच्या आधी रांजणाला नमस्कार करतात. जपान्यांच्या राज्यात त्यांचा फौजदार मला बोलावून ती गोष्ट ऐकायचा, आणि मी दर वेळी एखादी लाट वाढवून सांगायचो. कप्तानसुद्धा म्हणतात मला इथे. मी कधी सुकाणूला हात लावला नाही.

गलबत फुटल्याच्या पुढच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत तू दुकानात आलास, तेव्हा भरपूर गिऱ्हाईक होतं. तू तिच्यापुढे उभा राहिलास, डाव्या हाताकडे पाहिलंस. चेहरा बदलला होता, करंगळी बसवायची माझी हिंमत झाली नव्हती. मला वाटलं आता हा ओरडणार, आणि खरं सांगतो, ओरडला असतास तर सुटलो असतो. तू उदबत्ती लावलीस. मग मला अंगणात रांजणांच्या मागे नेऊन ते सगळं सांगितलंस, सहा जणांची नावं एकेक करून घेतलीस, आणि जाताना एवढंच म्हणालास, चेहरा छान रंगवून घेतलास. माझी बायको गिम तुला जेवून जा म्हणत होती, तू थांबला नाहीस.

कधीतरी जाईन, कधीतरी सांगेन, असं म्हणत आधी दुकान जमायचं होतं, मग मुलगा मोठा व्हायचा होता. सबबी काय, रांजणातल्या दाण्यांपेक्षा जास्त सापडतात. परवा गिमने विचारलं, हल्ली तुम्ही देवीकडे पाठ करून का जेवता? मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, त्या माणसाला मी जेवून जा म्हणाले होते, आणि तुम्ही तिथे उभे होतात. मुलगा म्हणतो, बाबा, हे बाहेर गेलं तर एक रांजण खपणार नाही. नाही खपणार. त्याच्याकडे बघून वाईट वाटतं, पण सहा घरांपुढे आमचं एक घर.

चुआ मास्तरांना चिठ्ठीत लिहिलंय की हे पत्र तुझ्या घरी वाचायचं नाही. याच महिन्याच्या तेविसाव्या तिथीला, आईच्या वाढदिवशी, देवळाच्या अंगणात, सगळा गाव जमल्यावर मोठ्याने वाचायचं, एक शब्द न गाळता. तेव्हा हे तुझ्याबरोबर सगळे ऐकताहेत. तांडेलाची बायको जिवंत असेल तर तीही, आणि नातीचं लग्न मोडणारी त्या मुलाची आईही. बायांनो, गलबत दारातून वळलं ते माझ्यामुळे. थियानलायच्या हातून काही पडलं नाही. आणि थियान, मी एकतीस वर्षांनी होडीत बसून आलोय. समुद्राची भीती तशीच आहे. आई माझ्याबरोबर आहे, त्याच लाल फडक्यात. निघताना कौल लावला नाही. ती नको म्हणाली असती तर मी पुन्हा टाकत बसलो असतो. तू भिंतीबाहेर जिथे उभा राहतोस तिथे मी आत्ता तिला घेऊन उभा आहे. पुढे ये, तिला माझ्या हातातून घे आणि तुझ्या हातांनी आत ने. मी इथेच थांबतो.

तुझाच,
सूईहाय