तिसऱ्या दिवशी सुटले

१४ डिसेंबर
कॉन्चेर्टोचा दुसरा भाग पुन्हा अडला. ओठांनी खालचा सूर धरायचा आणि त्याच वेळी घशातून वरचा गायचा, दोन्ही एकाच ट्यूबातून, या अगडबंब पितळी बाज्यातून. चारच मात्रा, पण घसा लागला की ओठ सुटतात. आमच्या सोसायटीत वाजवू देत नाहीत, म्हणून कॉलेजचे तास संपवून देवळालीला माहेरी सराव. अण्णा खाटेवरून ऐकतात. जन्मभर मिलिटरी बँडमध्ये हाच बाजा फुंकला, आता चार पावलांत धाप. म्हणाले, "ओठात एक, घशात एक. तुझ्या आत्याला दे, सहज वाजवेल." मग बराच वेळ खोकला.

११ जाने.
लॉरा टीचरच्या पियानोबरोबर कॉन्चेर्टो पहिल्यांदा अख्खा वाजवला. खरं तर साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा हवा, पण तो नाशकात कुठून आणणार. कार्यक्रम २२ फेब्रुवारीला, कॅम्पातल्या शाळेचा हॉल, नक्की. अण्णांना सांगितलं. "चाल काही लागत नाही बुवा. जेसीबी चालल्यासारखं वाटतं. पण मला पुढच्या रांगेत बसव." ऑक्सिजनचं मशीन हॉलमध्ये नेता येईल का, ते विनय विचारून येणार. नवरा म्हणून एवढं काम त्याने आपणहून घेतलं.

६ फेब्रु.
अण्णा दवाखान्यात. त्यांच्या मनगटावर नुसती बोटं चालवून दुसरा भाग 'वाजवला'. डोळे मिटूनच म्हणाले, "तिसरं बोट उशिरा." खरंच होतं.

१६ फेब्रु.
अण्णा गेले. सकाळी. मी वाटेत होते.

१८ फेब्रु.
अग्नी काकांनी दिला, क्रियाही तेच करतायत. मी एकुलती एक, पण मुलगी. कार्यक्रम रद्द करते म्हटलं, तर म्हणाले, "कशाला? सुतक आम्हाला दहा दिवस. लग्न झालेल्या मुलीला तीनच. उद्यापासून तू सुटलीस. खुशाल वाजव." चांगल्या मनाने म्हणाले. सुतकबितक मी मानत नाही, वर्गात मुलांना तसं सांगतेही. मग एवढं का लागलं?
आईला विचारलं, काय करू. "मला काय विचारतेस. शास्त्र ते सांगतायत. मला वाटतं..." आणि उठून गेली.

२० फेब्रु.
बाजा माहेरून आणला. आई दारापर्यंत आली नाही. वाजवायचं ठरलंय. अण्णांसाठी, असं विनयला सांगितलं. खरं तेच का? की सवलत सोयीची निघाली म्हणून घेतली? सोयीची नसती तर काकांशी भांडले असते, हे नक्की.

२२ फेब्रु.
वाजवलं. तिसरं बोट वेळेवर. त्या चार मात्रांत खालचा सूर आला, घशातला वरचा आलाच नाही. कुणाला कळलं नाही. नवीन संगीत, असंच असेल, असं वाटलं असणार. टाळ्या. एक गृहस्थ म्हणाले, "धीराच्या आहात." कौतुक की टोमणा, अजून ठरत नाही. 

२५ फेब्रु.
अण्णांचा दहावा. सगळे घाटावरून आले, घरातलं एकेक माणूस न्हाऊन मोकळं होत होतं. मीही टॉवेल घेऊन उभी राहिले. काका म्हणाले, "तुझं कशाला गं? तू तर तिसऱ्यालाच सुटलीस."
आई आतून म्हणाली, "घेऊ दे तिला."
डोक्यावरून पाणी घेतलं. आज सुटले म्हणावं, तर रविवारी सुतकातच वाजवलं. तेव्हाच सुटले होते, तर आजचं पाणी कशासाठी? काय धरायचं ते विचारावं म्हणून आत गेले. आई ताटं मांडत होती. नाही विचारलं.