मोरीतली गुडगुड

सांगली, मंगळवार, २० फेब्रुवारी १९९६

इतका संताप झालाय की अक्षरसुद्धा नीट येत नाही. महिनाभर मोरी तुंबतेय आणि महिनाभर घरात एकच पालुपद, माझे केस! ह्यांनी फर्मानच काढलं, केस घरामागच्या परड्यात जाऊन धुवायचे. मी थंडीत शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोर न्हात राहिले. का ऐकलं मी?

आज प्लंबर आला. त्यानं मोरीत सळई घातलीच नाही. म्हणाला, "वैनी, संडासात बादलीभर पाणी वता." मी ओतलं, तशी इकडे मोरी गुडगुडली. "केसानं तुंबलेली मोरी अशी गुडगुडत न्हाई. हवा जायाला वाटच न्हाई हितं," म्हणत तो शिडी लावून स्लॅबवर चढला. संडास आणि मोरी दोन्हींचं पाणी जातं त्या टाकीतली हवा वर सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी होती, सुतळीनं करकचून बांधलेली! नणंदेला बघायला पाहुणे येणार, वास नको, म्हणून महिन्यापूर्वी ह्यांनीच बांधली होती. पिशवी सोडून पुन्हा बादली ओतली, तर गुडगुड नाही आणि मोरीतलं पाणीही सरसर गेलं.

तर हे म्हणतात, "तरी थोडे केस असतीलच."

उद्या मला न्हायचंय. मी मोरीतच न्हाणार आहे, आतून कडी घालून.