पेडगावची कमान कुणाची

पौष शु. ११, शके १८६५
सकाळी लिंगपूजा उरकून उठतोय तोच गंगाराम मिस्त्री दारात. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. वाटलं, लेकीचं लग्न ठरलं. बस म्हटलं तर बसला नाही. कमरेचा कागद काढला. गुत्तेदारीची सनद मागतोय. बावीस वर्षं माझ्या कामावर गवंडी, आता स्वतःच्या नावावर कामं घेणार. सरकारी बांधकाम दफ्तराचं म्हणणं, दोन जुन्या गुत्तेदारांनी लिहून द्यावं की हा माणूस बांधकाम जाणतो. एक कागद वालूरच्या गुत्तेदारानं दिला. दुसरा माझा.
म्हटलं, देतो की, दोन दिवस थांब.
दौत-टाक समोरच होता. दोन दिवस कशाला म्हटलं?

पौष पौर्णिमा
लिहिला नाही. गं.ला म्हटलं, संक्रांत होऊ दे. बरं म्हणाला.
बाजार असा: सिमेंट परमिटाशिवाय दिसत नाही. लोखंड सगळं लढाईवर. चुन्याच्या भट्टीला कोळसा नाही, लाकडावर भाजावं तर लाकूड महाग. साऱ्या सालात कामं दोनच निघाली, वालूरचा दवाखाना आणि इथल्या मोंढ्यातली, धान्यबाजारातली दुकानं. आम्ही सनदवाले चौघं. दवाखाना वालूरवाल्याकडं गेला. मोंढा मला, तोही भाव इतका उतरवून की मजुरी सुटली तरी पुष्कळ. त्यात पाचवा आला तर? आणि पाचवा हा.
लोक मला बोलावतात, पण आधी विचारतात, कामावर गंगाराम असंल ना. मी तेलाच्या दुकानातून उठून या धंद्यात आलो. चुना मुरला कधी म्हणायचा, ते त्यानं शिकवलं. थापीवर घ्या, थापी उलटी करा, पडला नाही तर मुरला.
एवढं सगळं कळतं, आणि टाक काही उचलवत नाही.

पौष व. ५
हिच्याकडं काल मिस्त्रीची रखमा तिळगूळ घेऊन आली होती. जेवताना हिनं विचारलं, त्यांचा कागद केलात का. मी मान हलवली. कशी हलवली देव जाणे, हिनं हो समजलं. तसं समजावं म्हणूनच हलवली असंल.
आज कळलं, रखमाला हिनं सांगूनही टाकलं, झालं तुमचं काम. रखमानं म्हणे हिच्या पायावर डोकं ठेवलं.


पौष व. ९
पेडगावला जाऊन आलो. लिहायला बसवत नाही, पण लिहितो.
दफ्तरातले साहेब सनदेआधी माणसाचं एखादं काम डोळ्यांनी बघतात. गं.नं अर्जात पेडगावच्या ओढ्यावरच्या पुलाची कमान लिहिली होती. काम माझ्या गुत्त्यातलं म्हणून मलाही बोलावलं. कमान बघून साहेब खूश. खाली वाकून सांधे बघितले, बोटानं उकरून बघितले. मग बाजूच्या दगडावर माझं नाव कोरलेलं वाचलं आणि विचारलं, "ये काम किसका है?"
गं. बोलला नाही. गुत्तेदार उभा असताना मिस्त्रीनं साहेबाशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मीच घालून दिलेली. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.
मी म्हणालो, "मेरा काम है, साहेब."
साहेबांनी लिहून घेतलं.
येताना छकड्यात तो माझ्याकडं पाठ करून, मागं पाय सोडून बसला. मोंढ्याचं वळण आल्यावर बोलला. "अप्पा, त्या कमानीचा मधला दगड तुमीच बसवला व्हता. नारळ फोडून. ते खरं हाय."
माझ्या खोट्याला तोच टेकू शोधत होता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पौष व. १२
गं. रोजच्यासारखा कामावर. दोरी लावली, ओळंबा सोडला, मजुरांशी थट्टा केली. माझ्याशी कामापुरतं.
दफ्तरातल्या कारकुनानं सांगितलं, अर्ज परत जाणार. अर्जदाराला स्वतःचं काम दाखवता आलं नाही, असा शेरा. पंधरा दिवसांत कुणाचं काही लिहून आलं तर बघतील, नाहीतर बंद. गं.ला हे मी सांगायला पाहिजे होतं. त्याला दुसरीकडूनच कळलं.

माघ शु. २
गं. आला नाही. वालूरच्या दवाखान्यावर रोजंदारीनं गेला म्हणतात. कुणाशी भांडला नाही, निरोप नाही. थापी धुऊन माझ्या सामानाच्या पेटीवर ठेवून गेला. ती मीच घेऊन दिली होती, कामाला लागला त्या साली.
हिला सगळं कळलं. ओरडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "बावीस वर्सं त्येच्या थापीवर ही चूल पेटली. मी रखमाला झालं म्हून सांगितलं. आता तिच्या दारावरून कोन्या तोंडानं जाऊ?"
मग म्हणाली, "तुमी जेवा." ते जास्त लागलं.

माघ शु. ४
मोंढ्याची भिंत स्वतः धरली. इतकी वर्षं दुसऱ्याची भिंत बघून वाकडी सरळ सांगत आलो, म्हटलं हात अजून चालतो. दुपारी ओळंबा सोडला तर बोटभर बाहेर. मजूर सगळे एकदम चुना कालवायला लागले, कुणी माझ्याकडं बघंना. मारुती वडार तेवढा म्हणाला, "अप्पा, भिंत बी बघायलीय, मिस्त्री आला का न्हाई ते." सगळे हसले. मीही हसलो. मग उतरवायला लावली.

माघ शु. ७
कागद लिहिला. पहिला लिहिला तो असा की हा इसम मेहनती, कामाला चांगला. वाचला आणि फाडला. असलं मी बैलाबद्दलही लिहून दिलं असतं.
दुसरा: पेडगावची कमान गंगाराम मिस्त्रीनं बांधली. आखणी त्याची, हात त्याचा. माझं फक्त नाव. त्या दिवशी साहेबांपुढं मी खोटं बोललो.
दफ्तराची भाषा म्हणून उर्दूत लिहिला, माझ्याच हातानं. दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेलं उर्दू, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. पण दुसऱ्याकडून लिहवून घ्यावंसं वाटलं नाही.
कारकून वाचून हळूच म्हणाला, "अप्पा, शेवटची ओळ काढा. खोटं बोललो असं लिहून दिलं तर तुमचीच सनद चौकशीत जाईल. वरचं बस आहे."
बाहेर लिंबाखाली येऊन बसलो. ओळ काढली तरी त्याचं काम झालं असतं, हे तर खरं. मग तसाच दिला.
फार मोठं केलं असं वाटत नाही. महिनाभरापूर्वी एका ओळीत भागलं असतं.

माघ शु. ११
सेलूपर्यंत गाडीनं, पुढं वालूरला चालत. गं. दवाखान्याच्या पायरीचा दगड घडत होता. टाकी थांबवली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कागदात काय लिहिलं तेही.
टाकी थांबली. "शेवटची वळ कशाला लिवली?"
खरी होती म्हणून, मी म्हणालो.
"आन् आता दोघांची बी सनद गेली मंजी?"
त्यानं पाणी आणून दिलं. घरचं विचारलं, हिचा गुडघा विचारला. मग खाली बघत, "मोंढ्याची भिंत कोन उचलायलंय?"
म्हटलं, मीच.
"मंग पडल्यावर येतो."
हसला. महिन्यात पहिल्यांदा. पण माझ्याबरोबर आला नाही. मी माफी मागायची म्हणून गेलो होतो, ती मागितली की नाही हे आता आठवत नाही.

माघ व. ३
दफ्तराचा चपराशी घरी आला. साहेब परवा पुन्हा पेडगावला जाणार. गं. आणि मी, दोघांनी पुलावर हजर राहायचं. दोघांसमोर पुन्हा विचारणार. त्यावरून दोन्ही सनदांचं ठरेल.
वालूरला माणूस धाडला. निरोप पोचला, गं. येतो म्हणाला. एवढंच.
सनद जाईल याची धास्ती होती, ती आता तितकी नाही. तेलाचं दुकान अजून भावाकडं आहे, माप धरता येतं मला. भीती वेगळीच. साहेब विचारतील, काम कुणाचं. मी यावेळी गप्प राहणार, त्याला बोलू देणार. आणि तो माझी सनद वाचवायला म्हणेल, अप्पांचंच काम हाय साहेब, मधला दगड त्यांनीच बसवला.
हिला बोललो. ही म्हणाली, "तसं म्हनला, तर तुमी काय म्हनताल?"
छकडेवाल्याला सांगून आलो, येताना पुढच्या बाजूला दोघांची जागा कर. आणि त्याची थापी धुतलेल्या फडक्यात बांधून घेतलीय.