सानीमियाँनी राखलेलं दुकान

अहमदपूर
ता. १० ऑक्टोबर १९८२

चि. माणिकप्पास लक्ष्मम्माअक्काचे अ. आ.

आज सकाळी धुणं झालं, दुपारी डाळ निवडली. पाऊस नाहीच. आपलं लातूर ऑगस्टात जिल्हा झालं. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले. तुझे भाऊजी म्हणतात, जिल्हा आला, आता पाणीही मागून येईल.

गल्लीतले सगळे आड आटले. फक्त तुझ्या अंगणातल्या आडाला पाणी आहे. भावजय शिवकांता गेली अन् तू घराला कुलूप लावून, कुणी उघडायचं न्हाई असं बजावून, आफ्रिकेत शिकवायला गेलास. किल्ली माझ्याकडं आहे, पण मी शब्द मोडला नाही. काल शेजारच्या अण्णारावांची सून विचारत होती, अक्का, आडसुद्धा तुमचा भाऊ नायजेरियाला घेऊन गेला का. हसू आलं, अन् लाजही वाटली. काय करू ते कळव.

आड आटले तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी अक्का

कानो, नायजेरिया
ता. २ नोव्हेंबर १९८२

ती. अक्कास व भाऊजींस शि. सा. न. वि. वि.

आज मंगळवार. शाळेत गणित शिकवलं. संध्याकाळी पँट शिवायला टाकली. तुझं पत्र खिशातच होतं.

शिंपी इमॅन्युएल पूर्वेकडच्या इग्बो जमातीचा. सोळा वर्षांमागं इथं इग्बोंना मारलं, तेव्हा तो पूर्वेकडं पळाला. मग यादवी पेटली, तीत त्याचा भाऊ गेला. लढाई संपल्यावर भीत भीत परतला, तर शेजारचे सानीमियाँ, इथल्याच हौसा जमातीचे, किल्ली घेऊन उभे. शिलाई मशीन जागेवर, पण दुकानात त्यांनी बसवलेला एक न्हावी! इमॅन्युएल अजून टोमणा मारतो की मी कात्री ठेवून गेलो, तुम्ही वस्तरा वाढवला. सानीमियाँ म्हणतात, बंद दुकान वाळवी खाते; माणसं येत-जात राहिली म्हणून तुझं छप्पर राहिलं. आता तिघं एका ताटात जेवतात अन् भांडतात. भावाचं नाव निघालं की मात्र सानीमियाँ चहा सांगायला उठतात.

मी हसलो, मग खिशातलं तुझं पत्र पुन्हा वाचलं. शिवकांतानं दारातून रिकामी घागर कधी परत जाऊ दिली नव्हती. अक्का, कुलूप काढ. आडाला नवा दोर लाव. पहिली घागर अण्णारावांच्या सुनेला भरू दे, नाहीतर ती इथवर येईल. दांडीवर शिवकांताचं लुगडं आहे, तेवढं तुझ्या पेटीत ठेव.

रागावत राहा, लोभ त्यातच समजतो.

तुझा माणिकप्पा

ता. क. इथं ज्वारी मिळते. भाकरी अजून चिरते. आता पीठ मळायला घेतो.