सातव्या रकान्यातला पत्ता

९ जून

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. तुझी भिंगरी आणि मी, दोघी ठणठणीत आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण कामावर जायला नाही म्हणत नाही. तुझ्या सासऱ्यांना आता भिंत धरून चालता येतं, हे वाचून बरं वाटलं. त्यांना नमस्कार सांग. भाऊजींना म्हणावं, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. ओरखडे पडले की काच माझ्याच गळ्यात येते.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी चिडते. शिवाय सोबत एक कागद आहे, त्यावर तुझी सही शाईनेच लागते. पत्र पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस.

भिंगरीला विद्यापीठात भौतिकशास्त्राला जागा मिळाली, हे तुला ठाऊक आहे. विषय तिने मला न विचारता निवडला आणि योग्य निवडला. पण जागा मिळाली ती बाहेरची विद्यार्थिनी म्हणून. बाहेरच्यांना फी तिप्पट. तेवढे पैसे तुझ्या घरातून निघणार नाहीत, माझ्याही नाहीत. म्हणजे पोरगी इथली ठरली तर शिकेल, नाहीतर जागा जाईल.

घोळ माझा आहे, तिला बोलू नकोस. अर्जाच्या सातव्या रकान्यात ‘कायमचा पत्ता’ विचारला होता. मी तिला तुझ्या घराचा लिहायला लावला. आपल्यात माणूस जन्मभर कुठेही राहो, कायमचा पत्ता म्हणजे आईबापाचं घर आणि सध्याचा म्हणजे जिथे पाठ टेकतो ते. मी तर अजून बाबांचं घर लिहिते, ते विकून बारा वर्षं झाली तरी. इथल्या नियमात मात्र कायमचा म्हणजे जिथे कायम राहता तो. मी पदवीधर बाई, अख्ख्या गल्लीचे अर्ज भरून देते, आणि भाचीच्या अर्जात हे दिवे लावले.

परवा आम्ही कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, “तुम्हीच लिहिलंय की घर तिकडे आहे.”

मी तोंड उघडलं, तोच भिंगरी म्हणाली, “मावशी, तू थांब.”

मला असं कोणी म्हणत नाही. मी थांबले.

“तिकडे माझी आई आहे,” ती बाईंना म्हणाली. “माझ्याकडे चावी आहे ती इथल्या घराची.”

“चावीवर सरकार चालत नाही गं. सलग तीन वर्षं इथे राहिल्याचे कागद लागतात.”

“पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे शाळेचे आहेत.”

“आणि मधल्या?”

“मधल्याचे दुकानाचे.”

धाकटे, आता नीट वाच. त्या मधल्या वर्षी तुझी मुलगी शाळेत जात नव्हती.

एका सकाळी तिने दप्तर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, आता जाणार नाही. वर्गात तिच्या बोलण्याची नक्कल करायचे, हे मला नंतर कळलं. मी रागावले, दोन दिवस भांडी आपटली. शेवटी म्हटलं, घरात बसून छत मोजायचं नाही, चल माझ्याबरोबर. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत मी काचा घासायचे आणि ती शेजारच्या टेबलावर गिऱ्हाइकांची कार्डं लिहायची: तारीख, दोन्ही डोळ्यांचा नंबर, खाली लिहिणाऱ्याची सही. एकदा विचारलं, काच कडेला जाड ठेवली की लांबचं स्पष्ट का दिसतं? मी कॉलेजात शिकलेलं सांगितलं. पुढच्या प्रश्नाला माझं कॉलेज संपलं. आठवडाभराने स्वतःच म्हणाली, “हे पुढे शाळेत शिकवतात ना?” आणि नवीन वर्ग सुरू झाले तेव्हा परत गेली. नक्कल करणाऱ्यांच्याच शाळेत, त्यांच्या एक वर्ग मागे.

त्या वर्षी मी तुला दर पत्रात लिहिलं, अभ्यास ठीक चालला आहे. तो कुठला अभ्यास, हे लिहिलं नाही. तू मुलगी माझ्यावर सोपवलीस आणि माझ्याच घरात तिची शाळा सुटली, हे कळवायची लाज वाटली. तू तिला परत नेशील अशी भीतीही वाटली. लाजेपेक्षा भीती मोठी होती.

दुकानाच्या मालकांनी त्या वर्षाच्या कार्डांची सगळी खोकी काढून दिली आणि ती घेऊन आज आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. बाईंनी अर्धा तास कार्डं चाळली. एकही आठवडा कोरा नव्हता. म्हणाल्या, “अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं आहे. हे धरू. पण आईचं लेखी हवं, की मुलगी त्या वर्षी शाळेत नव्हती आणि मावशीकडेच राहत होती. महिनाअखेरपर्यंत.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, सहीपुरता कागद पाठवू, तुझी आई कुठे वाचत बसते. भिंगरी रस्त्यातच उभी राहिली.

“आधी आईला सगळं सांग, मग सही माग. नाहीतर मी तो कागद खिडकीत देणार नाही.”

“मुदत वीस दिवसांवर आलीय, बाईसाहेब.”

“मग आज लिही.”

जागा हातातून जात असताना असं बोलली. मी तिला खूप शिकवलं असं मला वाटायचं. हे मी शिकवलेलं नाही. तू शिकवलं असशील तर तुझे उपकार.

कागदाची शेवटची ओळ तुला बोचेल: ‘माझ्या मुलीचं राहतं घर तिच्या मावशीचं आहे.’ मी शब्द बदलून मागितले, बाई नाही म्हणाल्या. तू दोन वर्षांसाठी पाठवली होतीस. त्याची चार झाली आणि आता आणखी चार होतील. माझ्यावर हवं तेवढं रागाव, मी ते कमावलं आहे. फक्त सही करताना हात स्थिर ठेव. सही जुळली नाही तर कागद परत येतो.

तुझ्या मुलीपुढे पहिल्यांदाच खाली मान घालून उभी राहिलेली, आणि त्याचाच अभिमान वाटणारी,

तुझी ताई