आधी मशीन, मग माणूस

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचे. खोली झकास आहे. दोन खाटा, दगडी ओटा, नळाला चोवीस तास पाणी. खिडकीतून ओंडक्यांचे ढीग दिसतात आणि त्यापलीकडे निलगिरीचं रान. मे संपायच्या आत ते सगळं आडवं करायचंय. मेव्हणा खाटेवर पसरून म्हणाला की लग्न न करताच सासुरवाडीचा पाहुणचार मिळाला. छत्तीस वर्षांचा घोडा झालाय, पण तोंड बंद म्हणून राहत नाही.

मुकादमाला माझं कार्ड दाखवलं. पेट्रोलवरची चेनसॉ चालवायचा पंधरा दिवसांचा कोर्स मी रीतसर केलाय. कार्डाने झाडं पडत नाहीत, असं म्हणाला. मी म्हटलं, कार्डाने पायही तुटत नाहीत. हसला बेटा. याच्याशी जमेल असं वाटतं, आणि माझं सहसा कुणाशी जमत नाही.

ही वही बायकोने दिली. कोर्सच्या मास्तरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितलीय: चेन, पेट्रोल, तास, काय बिघडलं. बायको म्हणाली, त्यातच रागही लिहीत जा, वहीवर निघाला तर माणसांवर निघणार नाही. मागच्या दोन नोकऱ्या भांडून सोडल्या ना मी, त्याचा हा टोमणा. निघताना मात्र एकच बजावलं तिने, की भावाला धड परत आण. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. माझ्या हाताखाली मदतनीस म्हणून शंभर तास भरले की त्याचंही कार्ड होईल, जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलंन म्हणायचं.

मंगळवार, ५ मार्च

पहिला दिवस, म्हणून झाडाला हात लावण्याआधी मेव्हण्याची शाळा घेतली. पेट्रोल जिथे भरलं तिथे मशीन चालू करायचं नाही, दहा पावलं लांब जायचं. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत बूट अडकवून मगच दोरी ओढायची. हवेत लोंबकळवत दोरी ओढणारे शूर मी बघितलेत, त्यातल्या एकाला आता बुटाचा एकच पाय लागतो. पुढच्या मुठीला डाव्या हाताचा अंगठा खालून गुंडाळलेला हवा. आणि चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक कशालाही टेकता कामा नये. टेकलं की मशीन उसळतं आणि सरळ तोंडावर येतं.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगितलं. माझ्या कानांवर झाकणं असतात, मला काही ऐकू येत नाही. तेव्हा मशीन चालू असताना मागून माझ्या जवळ यायचं नाही. काही सांगायचं असलं तर लांबून, समोरून ढलपी फेकायची. लाकडाचा एवढासा तुकडा हेल्मेटवर टक् करून लागला की मी थांबतो. आधी ब्रेक, मग मशीन बंद, मग मान वर. मास्तरांचं वाक्यच आहे, आधी मशीन थांबतं, मग माणूस वळतो. हे मी त्याच्याकडून पाढ्यासारखं वदवून घेतलं. तो पाढ्याच्याच चालीवर म्हणत राहिला, दुपारपर्यंत माझं डोकं उठवलं.

चार झाडं. पाच तास.

शुक्रवार, ८ मार्च

काम रुळलं. सकाळी मेव्हणाच आधी उठतो, चहा टाकतो आणि माझ्या पाठीवर पटपट तीन थापा मारून दाजी उठा म्हणतो. लहानपणी बहीण त्याला अशीच उठवायची म्हणे. मला आधी राग यायचा, आता थापा पडल्याशिवाय डोळे उघडत नाहीत.

आज एक गंमत झाली. दुपारी खोडाला खाच पाडत होतो, तर उजव्या खांद्यावर कुणीतरी थापटलं. दोन थापा आणि मग बोटांचा जरासा दाब, अरे ऐक जरा म्हटल्यासारखा. ब्रेक मारला, मशीन बंद केलं, वळलो. मागे कुणी नाही. मेव्हणा साठ पावलांवर ओंडक्यावर बसून नख कुरतडत होता. जाम झाडला त्याला. तो बहिणीची शपथ घेऊन म्हणाला की मी जागचा हललो नाही. चार दिवसांचा पाढा पाण्यात.

सोमवार, ११ मार्च

वाईट झालं, आणि ते माझ्या हातून झालं.

सकाळपासून तीनदा थापा. दर वेळी मी मशीन थांबवून वळायचो आणि हा लांब उभा, चेहरा भोळा. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. जाऊन कानाखाली ठेवून दिली. तो पडला, ओठ फाटला. उठून त्याने रक्त थुंकलं आणि एवढंच म्हणाला, दाजी, मी नाही.

मी त्याला समोर बसवलं. अगदी समोर, नजरेच्या टप्प्यात, आणि मशीन पुन्हा चालू केलं. ओठाला रुमाल लावून तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

दोन थापा. मग दाब.

तो बसलेलाच होता.

बुधवार, १३ मार्च

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंकडे नवी कानस मागायला गेलो. त्यांना सगळे काकू म्हणतात. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनीच विचारलं की खांद्यावर पडायला लागलं का.

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. माझ्या आधीचा चालवणारा काम अर्धवट टाकून गेला, असं मुकादम म्हणाला होता. तो गेला नाही, त्याला नेलं. त्यालाही थापा पडायच्या. पहिले काही दिवस तो बिचारा मशीन बंद करून वळायचा. मग कंटाळला आणि चालू मशीन घेऊनच वळायला लागला. एक दिवस मागे खरंच त्याचा सख्खा भाऊ होता, पाण्याची बाटली घेऊन. पट्टी पोटातून आरपार. त्या आधीच्याचंही असंच, पण तेव्हा काकू इथे नव्हत्या. भावाला मारणारा तो आता इस्पितळात असतो. दिवसभर भिंतीला पाठ लावून बसतो, जेवतानाही.

तसाच परत आलो. भ्यालो, त्यात लाज कसली. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. ते जे काही आहे त्याला अंगात जोर नाही, ते धक्का देत नाही, ढकलत नाही. ते फक्त वाट बघतं, माणूस नियमाला कधी कंटाळतो त्याची. आणि मी नियमाचा माणूस आहे.

मेव्हण्याला सगळं सांगितलं. त्याने गंमत केली नाही. माझी पाठ राखीन म्हणाला. फोनवर बहिणीलाही तेच म्हणाला, कशापासून ते न सांगता. त्याचे छत्तीस तास झालेत.

शनिवार, १६ मार्च

आज मरता मरता वाचलो. थाप पडली तेव्हा पट्टी खोडात होती, खांदा दचकला आणि टोक शेजारच्या बुंध्याला टेकलं. मशीन उसळलं. हेल्मेटची जाळी फाडत चेन भुवईवरून गेली. डाव्या मनगटाने ब्रेक ढकलला गेला म्हणून, नाहीतर डोकं दोन भागांत झालं असतं. मेव्हण्याने सदरा फाडून जखम बांधली. तोंड मात्र चालूच. म्हणाला, दाजी, ताईला आवडायची ती एकच बाजू राहिली आता.

सात टाके.

मंगळवार, १९ मार्च

एकवीस वेळा मशीन थांबवलं. एकवीस वेळा वळलो. मागे रिकामं रान.

मुकादम येऊन शिव्या घालून गेला. दिवसात दोन झाडं म्हणजे मी काय लाकडं कोरतोय का, असं विचारलं. मी त्याची गचांडी धरली. मेव्हणा मध्ये पडला, मुकादमाचा गुद्दा त्यालाच बसला. बिचारा. माझ्यामुळे दुसऱ्यांदा मार खाल्ला त्याने.

रात्री सदरा काढला तर खांद्यावर चार निळे ठसे. बोटांचे. मेव्हण्याने वाकून ते बघितले. मग म्हणाला की सकाळी सामान बांधू. मी म्हटलं, तुझे सत्तर तास झालेत, तीस राहिलेत. खड्ड्यात गेले तास, म्हणाला. मी ऐकलं नाही. ताईला काय सांगू, की तुझा भाऊ पुन्हा हात हलवत परत आला?

गुरुवार, २१ मार्च

आज थांबलोच नाही. थापा पडू दिल्या. एक, दोन, दाब. एक, दोन, दाब. नखं रुततात. ढलप्याही नकोत म्हणून मेव्हण्याला बजावलंय. टक् झालं की काळीज तोंडात येतं, मशीन हातातून सुटेल एखाद दिवशी.

मोजत राहिलो. नेहमी दोनच. कधी तीन नाही.

झोप नाही. टाके ठणकतात. मास्तरांचं वाक्य डोक्यात घणासारखं पडतंय आणि मला आता मास्तरांचाच राग येतोय. किती दिवस माणसाने आधी थांबायचं, मग वळायचं? मार खाणाऱ्यानेच किती सभ्य राहायचं?

ठरवलं. उद्या थाप पडली की वळणार. चालू मशीन घेऊन. पूर्ण जोरात. काय असेल ते असेल, आडवं कापतो. भूत असलं तरी चेनला दात आहेत.

माझ्या मागे मेव्हणा येणार नाही. तो शहाणा आहे, पाढा पाठ आहे त्याला. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लगेच ताईला फोन लावला असता.

शुक्रवार, २२ मार्च. दुपार.

लिहायला हवं. पोलीस येतायत. मुकादमाने बाहेरून कडी घातलीय.

झाड मोठं होतं. खाच झाली, मागचा काप अर्ध्यावर. वर शेंड्यात एक तुटकी फांदी अडकलेली— माणसाच्या मांडीएवढी— मला दिसली नव्हती. मी सकाळी वर बघितलंच नव्हतं. वर बघायचं असतं. पहिलाच नियम—

हेल्मेटवर टक्. ढलपी. मी चिडलो. नको म्हटलं होतं ना. पुन्हा टक्. मान वर केली नाही. झाड पुढे पडणार होतं, त्यामुळे समोरून यायला त्याला वाट नव्हती. म्हणून तो मागून धावला.

थाप.

एक, दोन, तीन.

तीन होत्या. मी मोजल्या. पटपट तीन. सकाळी उठवतो तशा. मला कळलं होतं. हात उठला होता, ठरवलेलं होतं, रागही तयारच होता— कळलं आणि तरी वळलो—

लाकडात चेन शिरली की आवाज बदलतो. जोर लागतो. आवाज बदललाच नाही. मानेखालून शिरली, खांद्यापर्यंत उतरली, आणि आवाज तसाच. माणसाला काही जोरच लागत नाही.

फांदी पडली. मी उभा होतो बरोबर तिथे. वळताना पाऊल सरकलं, म्हणून मी—

त्याचं तोंड हलत होतं. माझ्या कानांवर झाकणं. मी काढली तोपर्यंत तो बोलायचा थांबला होता. काय म्हणाला ते मला कधीच—

एक्क्याण्णव तास.

दुपार. नंतर.

काकू खिडकीतून पाणी देऊन गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

हात धुतले. नखांत आहे अजून. सदऱ्यावर आहे. वहीलाही लागलंय.

फोन वाजतोय. ताईचा— बायकोचा. मीही तिला ताईच म्हणायला लागलो. थांबला. पुन्हा वाजतोय. काय सांगू? की तो माझी पाठ राखत होता. की माझ्या वहीत राग मावला नाही.

खाट भिंतीला लावली. पाठ भिंतीला. पक्की. मागे विटा आहेत, हात फिरवून बघितला. मागे कुणी उभं राहू शकत नाही.

तरी पडली.

खांद्यावर. पुन्हा. मोजतोय. दोन असल्या तर ते आहे, आणि ते माझ्यावर हसतंय. तीन असल्या तर तो— तीन असल्या तर मी वळेन, हातात काही नाही माझ्या, फक्त पेन, तेही खाली ठेवीन, आधी ठेवीन, मग वळेन, आणि त्याला म्हणेन—

एक.

दोन.

आणि ति